शंभरावं बोट

खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला वस्तीतल्या शंभर जणांनी कुंकवाचं बोट टेकवलं, तरच ठाण्यातल्या पिस्तुलांची कुलपं वर्षभरासाठी उघडत. गेल्या वर्षी सकाळीच शंभर भरले होते. यंदा दिवस मावळत आला तरी नव्याण्णवच.

भाजीवाली द्वारकाबाई दारात दिसली आणि फौजदार खरमाट्यांच्या जिवात जीव आला.

"बाई, तेवढं बोट टेकवा. उद्या दंगल झाली तर आम्ही काय नुसत्या काठ्या घेऊन धावायचं?"

कुंकू घेऊन ती पिस्तुलांपुढून सरळ टेबलाशी गेली आणि तक्रारवहीवरच्या पेनाला तिनं बोट लावलं.

"माझी लेक हरवली तेव्हा पिस्तुलं उघडीच होती, साहेब. हे बंद होतं."

खरमाट्यांनी तक्रारवही पुढं ओढली. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"लेकीचं नाव सांगा."