आडपडद्यामागचा फासा

“टोब्रेक दरीत उडी मारतो,” गेलेन म्हणाला आणि त्याने चीजचा तुकडा तोंडात टाकला.

व्हर्लिनने चष्मा नाकावर नीट बसवला. दरीच्या तळाशी आग धुमसते आहे, हे त्याने आत्ताच सविस्तर सांगितले होते. पुलाचे दोर शाबूत आहेत, हेही सांगितले होते.

“शेजारी पूल आहे की रे.”

“असू दे. टोब्रेकला पूल आवडत नाहीत, मास्तर.”

व्हर्लिनला हसू आले. टोब्रेक हा गेलेनचा खेळातला माणूस, धंद्याने नावाडी. तो काय करणार हे गेलेन ठरवी. ते साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवी: आकडा मोठा तर साधले, लहान तर फसले. फासा टाके व्हर्लिन, पुठ्ठ्याच्या आडपडद्यामागे. खेळ चालवणाऱ्याचा तो मानच असतो. आकडा त्याने एकट्याने पाहायचा आणि निकाल सांगायचा.

फासा पडला. तीन.

“अठरा,” व्हर्लिन म्हणाला. “कपारीतल्या झाडाला तुझा अंगरखा अडकला. वाचलास.”

“वाचलो,” गेलेन म्हणाला आणि तळघराच्या उंचावरच्या खिडकीकडे पाहू लागला. तिच्यातून बर्फाखेरीज काही दिसत नव्हते.

ज्या जगात टोब्रेक वाचला, त्याचे नाव ओर्थवाल. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका तंत्रविद्यालयात व्हर्लिनने हयातभर भूमापन शिकवले होते, आणि ओर्थवालही त्याने त्याच शिस्तीने रचले होते. तिथली एकही नदी उताराचा नियम मोडत नसे. मीठ कोणत्या घाटाने चढते, कोणत्या नाक्यावर त्याच्यावर जकात बसते, दोन चंद्र एकत्र आले की भरती कुठवर चढते, हे सारे ठरलेले होते. भिंतभर नकाशे होते आणि त्यांत कुठेही अंदाजाने ओढलेली रेघ नव्हती.

एके काळी या टेबलाभोवती चौघे बसत. व्हर्लिनची बायको आर्डिस जिन्याच्या पायरीवर विणकाम घेऊन ऐकत बसे. मग वेंडेलचा जादूगार नदीत बुडाला. आता नवा माणूस कोण रचत बसणार, असे म्हणून वेंडेल गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, तो खेळायला परत आलाच नाही. पुढे नॉर्बर्टचा धनुर्धर तापाने गेला आणि पाठोपाठ नॉर्बर्टही गेला, फ्लोरिडाला लेकीकडे. दोन्ही वेळा फाशाने जे दाखवले, तेच व्हर्लिनने प्रामाणिकपणे सांगितले होते.

आर्डिस वारल्यावर त्याने तो प्रामाणिकपणा सोडला. राहिला होता एकटा गेलेन, आणि गेलेनचा टोब्रेक असा निधड्या छातीचा, की बेताने वागणे त्याला ठाऊकच नव्हते. ढालीवाचून अजगरासमोर उभा राहायचा. विषाचा पेला आहे असे सांगितले, तर आधी तोच प्यायचा. माणूस आपल्या जगात इतका रंगतो, याचे व्हर्लिनला अप्रूप वाटे. अशा वेळी पडद्यामागे एक पडला काय अन् दोन पडले काय, तो मोठा आकडा सांगून मोकळा होई.

गेलेनचा जीव खेळावर आहेच, अशी त्याची खात्री होती. कागद-गिरणीतून निवृत्त झालेला हा माणूस एकही रविवार चुकवत नसे. आधी दारापुढचा बर्फ काढी, मगच तळघरात उतरे. बर्फाचे काम आर्डिसने सोपवलेले, असे व्हर्लिन समजे. शेवटच्या दिवसांत इस्पितळात तिने व्हर्लिनला कॉफी आणायला धाडले आणि गेलेनला जवळ बसवून घेतले. तुम्ही दोघे काय बोलत होतात, असे त्याने नंतर विचारले, तर म्हणाली, बर्फ काढायच्या यंत्राबद्दल.

टेबलावर गेलेनचा फोन थरथरला. रविवारी त्याच्याकडे नातवंडे जेवायला जमत. त्याने फोन पालथा घातला.

“आज तुला एक दाखवायचं आहे,” व्हर्लिन म्हणाला. त्याने गुंडाळी सोडली आणि चारही कोपऱ्यांवर कॉफीचे मग ठेवले. दक्षिणेचा खंड होता तो, कित्येक हिवाळे खपून पुरा केलेला. नदीची शेकडो मुखे, खाड्या, बुडती बेटे. खास नावाड्यासाठी रचलेला मुलूख.

“टोब्रेकला हा दहा वर्षं पुरेल.”

गेलेन बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला.

“दहा वर्षं,” तो हळूच म्हणाला. मग त्याने समुद्रातल्या एका काळ्या वर्तुळावर बोट ठेवले. “हे काय?”

“भोवरा. पण वळसा घालून जाता येतं. मुद्दाम वाट ठेवली आहे.”

“टोब्रेक सरळ जातो.”

“अरे लेका, निदान किनारा तरी बघ आधी.”

“सरळ. टाक फासा.”

व्हर्लिनची बोटे अलीकडे थरथरत. फासा पडद्याच्या कडेवर आपटला, पलीकडे उडाला आणि चीजच्या बशीला टेकून थांबला. दोघांनीही पाहिले. एक.

“तो धरायचा नाही,” व्हर्लिन घाईने म्हणाला. “पडद्याबाहेर गेला. पुन्हा टाकतो.”

गेलेनने फाशावर पालथा हात ठेवला. “धरायचा.”

मग तो उठला. टोब्रेकची सारी नोंद असलेला कागद त्याने नीट घडी घालून नकाशावर ठेवला, कोट चढवला, टोपी कानांवर ओढली. वेंडेलही असाच उठला होता, हे व्हर्लिनला आठवले.

“नवा माणूस रचू,” तो म्हणाला. “आत्ताच बसू. गेलेन, सगळा खंड तयार आहे. तिथे अजून कोणी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही.”

गेलेन जिन्यापाशी थांबला, आर्डिस बसायची त्या पायरीशी. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता शीण होता.

“आर्डिसनं शब्द घेतला होता माझ्याकडून,” तो म्हणाला. “टोब्रेक जिवंत आहे तोवर तुला एकटं सोडायचं नाही. तेव्हापासून मी त्याला मारायला बघतोय, मास्तर.”