पुरुषोत्तमची चौसष्ट पानं

सगळं थिएटर खो खो हसत होतं. पद्माकर तेवढे हसत नव्हते.

पडद्यावर एक लेखक स्वयंपाकघरात उभा राहून पहिल्या बक्षिसाचं भाषण पाठ करत होता. माइक म्हणून हातात डाव, श्रोते म्हणून समोर कुकर. दरवर्षी भाषण तयार, आणि दरवर्षी दुसरा नंबर.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, नयनाबाईंचा, चेहरा उतरला. तो डाव, ते भाषण, सगळं त्यांच्याच घरातलं होतं. आपले यजमान असलं काही करतात हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ही कथा लिहिणाऱ्या पुरुषोत्तम भावजींना कसं कळलं? यांनीच सांगितलं असणार, दुसरं कोण? दोस्त म्हणून मन मोकळं केलं, आणि दोस्ताने ते चव्हाट्यावर मांडलं.

पुढचा प्रसंग दुसऱ्या लेखकाचा होता. त्याने कोऱ्या कागदांवर एक ते चौसष्ट आकडे घातले, शेवटच्या पानावर आधीच ‘समाप्त’ लिहिलं आणि मग पहिल्या पानाकडे बघत पेन चावत बसला. पुन्हा हशा.

बंगळूरच्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांना दोघेही ओळखता येत होते. पद्माकर आणि पुरुषोत्तम पीण्या औद्योगिक वसाहतीजवळच्या सरकारी कारखान्यात एकाच ड्रॉइंग ऑफिसात होते. मंडळाच्या कथास्पर्धेत बावीस वर्षं पहिले पुरुषोत्तम आणि दुसरे पद्माकर, यात कधी बदल नाही.

वर आणखी गंमत अशी, की मंडळाला कथा टाइप केलेली लागे आणि पुरुषोत्तमना कॉम्प्युटरचं वावडं. त्यामुळे त्यांची कथाही पद्माकरच टाइप करून द्यायचे, एक काना-मात्रा न बदलता.

“एखादं पान गाळा की,” नयनाबाई एकदा वैतागून म्हणाल्या होत्या.

“गाळलं असतं, पण बेटा आकडे घालून देतो ना!” पद्माकर हसले होते. मग जरा वेळाने म्हणाले, “बक्षीस गेलं खड्ड्यात. बावीस वर्षांत त्याने माझ्या एका ओळीला चांगलं म्हटलेलं नाही. एकदा म्हणाला ना, की मी लिहिणं बंद करीन.”

गेल्या वर्षी मंडळाने जाहीर केलं, की पहिल्या येणाऱ्या कथेवर सिनेमा निघणार. मंडळातलाच वेदांत, आयटीतला पोरगा, तो करणार होता. पद्माकर चार महिने टेबलावरून उठले नाहीत. कथा कुणाला दाखवायची नाही ही दोघाही दोस्तांची सवय, पण यंदा यांचाच नंबर, अशी नयनाबाईंची खात्री झाली होती.

शेवटच्या आठवड्यात पुरुषोत्तमची बायको, उल्का अक्का, नवऱ्याच्या कथेचा गठ्ठा घेऊन आल्या. लाल फीत, वर घट्ट गाठ.

“हे म्हणाले, पद्माच्याच हातात दे. मलासुद्धा बघू देत नाहीत, अण्णा,” त्या पद्माकरना म्हणाल्या.

पद्माकर तीन दिवस खोलीचं दार लावून बसले. चौथ्या दिवशी पुरुषोत्तमची कथा मंडळात पोचली.

“आणि तुमची?” नयनाबाईंनी विचारलं.

“नाही जमली.”

नयनाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर महिन्याभरातच पुरुषोत्तम विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग घराचा रस्ता, मग माणसं. हे आतल्या आत बरेच दिवस चाललं असणार, असं डॉक्टर म्हणाले. पहिलं बक्षीस उल्का अक्कांनीच जाऊन घेतलं.

आज पुरुषोत्तम पद्माकरच्या उजव्या हाताला बसले होते. सगळ्यांत जास्त तेच हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि परक्या माणसाला विचारावं तसं पद्माकरना विचारलं, “कुणी लिहिलंय हो हे?”

“तूच,” पद्माकर म्हणाले.

“छे! मला नाही जमायचं. फार चांगलं लिहिलंय.”

तेव्हा पद्माकरचा बांध फुटला. भर थिएटरात ते रुमालात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागले. नयनाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जो शब्द ऐकायला या माणसाने जन्म घालवला, तो पुरुषोत्तमनी स्वतःलाच देऊन टाकला होता.

बाहेर उल्का अक्कांनी नयनाबाईंचा हात धरला. “यांच्या हातची पानं तुमच्याकडेच राहिलीत ना? मंडळाला फ्रेम करून लावायचीत. सरी, घाई नाही, स्वल्प सावकाश दिली तरी चालेल,” त्या नेहमीच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या.

“हरवली ती,” पद्माकर घाईने म्हणाले.

गठ्ठा टेबलाच्या खालच्या खणात कुलूप लावून ठेवलेला नयनाबाईंनी डोळ्यांनी पाहिला होता.

परतताना रिक्षात त्यांना नवऱ्याची कीव येत होती आणि रागही येत होता. समोरचा माणूस स्वतःचं नाव विसरायला लागला, आता तरी हेवा सोडावा. त्याच्या बायकोला त्याच्या अक्षराची चार पानं मिळू नयेत?

जेवण न करताच पद्माकर आडवे झाले. त्यांचा डोळा लागल्यावर नयनाबाईंनी खिशातून किल्ली काढली, खण उघडला आणि गठ्ठा पिशवीत घातला. मग वाटलं, देण्याआधी पानं नीट आहेत ना, मोजून घ्यावीत. गाठ सोडवायला वेळ लागला.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ‘१’ होता. बाकी पान कोरं. दुसऱ्या पानावर ‘२’ आणि तेही कोरं. त्या एकेक पान उलटत गेल्या. चौसष्टाव्या पानावर, अगदी मधोमध, पुरुषोत्तमच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ‘समाप्त’.