उरलेल्या चिठ्ठ्या

समजा, वर्गात चिठ्ठ्या वाटणं चाललंय. सर तुमच्या बाकापाशी येतात. तुम्ही हात पुढं करता. आणि सर तसेच पुढं निघून जातात. तो हात आता कुठं ठेवायचा, सांगा बरं?

उग्नेनं तो बाकाखाली नेला. तिथं त्याची आपोआप मूठ वळली.

"सर, मी राहिले."

"राहिली नाहीस गं," टनर्ड सर म्हणाले. माणूस मनाचा चांगला, आणि आज तर भलताच खुशीत. उद्या शाळेला सुट्टी होती. ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, याचं मतदान शाळेच्याच हॉलमध्ये व्हायचं होतं. म्हणून आज वर्गात त्याची तालीम. सरांनी पुठ्ठ्यांचे आडोसे उभे केले होते, खऱ्या केंद्रावर असतात तशा पेन्सिली दोऱ्यानं बांधल्या होत्या. "आपण सगळं अगदी खऱ्यासारखं करतोय ना? मग ज्याच्या आईबाबांना उद्या मत आहे, त्यालाच चिठ्ठी. तुझ्या आईबाबांना नाही."

नव्हतंच. लिथुआनियाहून बाबा इथं आले तेव्हा उग्ने दोन वर्षांची होती. संघातल्या माणसानं संघातल्या कुठल्याही देशात जावं, राहावं, काम करावं, असा नियम होता. त्या नियमानंच ते आले. आता तो नियम राहणार की जाणार, हे उद्या ठरायचं होतं. हल्ली आई काही कारण नसताना कपाटं आवरायला काढायची. उद्याच्या मतदानात उग्नेच्या घरातलं कुणीच नव्हतं. वर्गातली ही एक चिठ्ठी तेवढी आपली, असं ती धरून चालली होती.

आधीच्या तासाला वादविवाद झाला, तेव्हा सगळ्यांत जोरात तीच बोलली होती. "माझे बाबा पहाटेपासून वाकून कोबी कापतात. तोच कोबी तुम्ही रविवारी जेवता."

"मी नाही जेवत. मी कुत्र्याला घालतो," ब्रॅडली म्हणाला, आणि वर्ग खो खो हसला. मग मात्र त्याचा आवाज बदलला. "तुम्ही लोक कमी पैशांत राबता. म्हणून आमच्या बाबांचं काम गेलं."



आता पुढच्या बाकावरच्या जोविनला चिठ्ठी मिळाली. तो जानेवारीत केरळहून आला होता. "मला कशाला, सर? मला अजून जेवणाचा हॉल सापडत नाही."

"भारत एकेकाळी आमच्या राज्यात होता. म्हणून तुझ्या आईला मत आहे," सर म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"पण सर, हे तर आमच्याबद्दलच आहे ना?" उग्ने म्हणाली.

"मागं गालिच्यावर बस, बाळ. शांतपणे बघ."

जवळजवळ अर्धा वर्ग गालिच्यावर जाऊन बसला. पोलंडचा कुबा गालिच्याचे धागे उपसत राहिला. बाकीची मुलं एकेक करून आडोशामागं गेली. मतांच्या डब्याचं झाकण उघडलं. सरांनी मतं मोजली आणि निकाल सांगितला. बाहेर पडायचं.

"ए उग्ने, बॅग भर!" ब्रॅडली ओरडला. "बस चुकेल तुझी!"

"ब्रॅडली, पुरे!" सर म्हणाले. मग गालिच्याकडं वळून त्यांनी आवाज मऊ केला. "उग्ने, मनाला लावून घेऊ नकोस. खेळ होता तो."

उग्ने उठून उभी राहिली. तिचे कान तापले होते.

"खेळच होता ना? मग मला का नाही घेतलं खेळात?"



सरांच्या टेबलावर उरलेल्या चिठ्ठ्यांची चळत होती. सरांनी आधी सगळ्या वर्गाला पुरतील एवढ्या कापल्या होत्या; नियम त्यांना नंतर आठवला होता. उग्नेनं ती चळत उचलली आणि कोऱ्या बाजूनं उलटी केली. मग तिनं फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ब्रॅडलीनं या वर्गात राहायचं की जायचं?

"उग्ने, खाली बस."

"अगदी खऱ्यासारखं, सर," ती म्हणाली. ती बसली नाही.

कुबा टुणकन उठला. "मला दे! जाऊ दे त्याला बाहेर! जाताना कुत्रापण घेऊन जा, रे!" गालिच्यावरची सगळी पोरं उठली, हात पुढं करून फळ्यापाशी गोळा झाली. बाकांवरची काही मुलंही आली. गंमत बघायला कुणाला नको असते? जोविन तेवढा मान खाली घालून बसून राहिला.

ब्रॅडली आधी हसला. मग त्यानं ते सगळे हात पाहिले, आणि त्याची मान लाल झाली.

"असं नाही करता येत! मी इथं पहिल्या दिवसापासून आहे!"

"मी पण," उग्ने म्हणाली.

  चळत उग्नेच्या हातात होती आणि चारी बाजूंनी तळवे पुढं आले होते. एकालाही चिठ्ठी न देता ती त्या घोळक्यातून वाट काढत थेट ब्रॅडलीच्या बाकापाशी गेली, आणि पहिली चिठ्ठी तिनं त्याच्यासमोर आपटली.

"धर. तुझ्याबद्दल आहे, तर आधी तू."