ताईची उशी

ताईला कुठलीही बातमी द्यायची, तर आधी तिला सतरंजीवर बसवायचं आणि मागे उशी ठेवायची, असा घरात शिरस्ताच पडला होता. कारण ती चिडत नसे, रडत नसे; सगळं गिळायची आणि मग झटका येऊन धाडकन पडायची. "हे नाटक नाही आणि मिरगीही नाही," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आत कोंडलेलं असं अंगातून बाहेर पडतंय."

आज उशी ठेवून धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझं शिलाई मशीन विकलं. झटका आला आणि बोट सुईखाली गेलं तर?"

बाबांनी उशी तिच्या पाठीशी आणखी सरकवली.

"मला न विचारता?" ताडकन उठून ती अशी कडाडली की खिडकीतलं मांजर पळालं. "माझं होतं ते! आत्ताच्या आत्ता परत आण!"

उशी भावाच्या तोंडावर आदळली. ताई पडली नाही.

भाऊ हसत हसत, अनवाणीच मशीन आणायला धावत सुटला. आणि जन्मभर 'मुलीनं आवाज चढवू नये' म्हणत आलेली आई टाळ्या पिटत ओरडली, "अजून मोठ्यानं, बाळा! अजून मोठ्यानं!"