दुसरा लेख

१९८३ साली डॉक्टर जयवंताच्या नावावर इनमीन तीन शोधलेख होते. त्यांतला एका रुग्णाच्या विस्मरणाच्या आजारावरचा एकच गाजला. परदेशातले मेंदूतज्ज्ञही आपल्या लेखांत त्याचा दाखला देत. "त्याच रुग्णावर आता दुसरा लेख लिहा, म्हणजे प्राध्यापकपद नक्की," विभागप्रमुख त्या शनिवारी पुन्हा म्हणाले. तिने नुसती मान हलवली आणि दमल्या अंगाने वर्ध्याहून सेलूची एसटी धरली.

तो रुग्ण, रूपराव मास्तर, ओसरीवर बसले होते. तिने नेहमीचे प्रश्न विचारले. आज त्यांना साल सांगता आलं नाही, गावाचं नावही नाही. लिहून घ्यायला तिने पेन काढलं आणि तसंच पर्समध्ये ठेवून दिलं.

"दमल्या दिसता, बाई. पाणी घ्या," मास्तर मायेने म्हणाले. "माही पोरगी बी तुमच्यासारखी डॉक्टर हाये, वर्ध्याले. लय दिवस झाले, आली नाई. भेटली तं सांगजा, बाप वाट पाहून राह्यला."

"सांगते, बाबा," जयवंता म्हणाली, आणि वडिलांनी पुढे केलेलं पाणी पिऊ लागली.