कोसमटोल्याचा चढ

चढाच्या पायथ्याशी जीप मंदावली तसा मनकर्णाचा हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला.

"बसून राहा, बाई," लच्छू पुढून म्हणाला. "आता उतराचं काम नाई."

त्यानं पाय दाबला. बॉनेटखालून बारीक शिट्टी उठली, वाढत गेली, आणि सामानानं भरलेली जुनी जीप दुसऱ्या गिअरमध्येच वर निघाली. दोन्ही बाजूंचे साग भराभर मागं सरकले. मनकर्णानं वरची दांडी घट्ट धरली. कळायच्या आत चढ संपला आणि सपाट रान आलं. लच्छूनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल असं त्याला वाटत होतं.

"चढली," ती म्हणाली आणि तिनं पदर सारखा केला.

लच्छू कित्येक वर्षं कुरखेड्याच्या बाजाराला ही जीप चालवत होता. परतताना खालच्या गावांतले लोक वाटेत उतरत जायचे. शेवटच्या चढाशी गाडीत दोघंच उरायची, लच्छू आणि मनकर्णा. दोघांची घरं वर कोसमटोल्यात. इंजिन जुनं, साधं डिझेल; जोर वाढवणारा टर्बो तेव्हा नव्हता. त्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये, काळा धूर सोडत, माणसाच्या चालीनं सरकायची. "गाडीले जड जाते," म्हणून मनकर्णा उतरायची आणि खिडकीवर हात ठेवून बाजूनं चालायची.

चालता चालता ती बोलायची. इंजिनच्या आवाजावर आवाज काढून बोलायची. कोंबडीनं अंडी कुठं लपवली. सूरजागडच्या खाणीवर लागलेल्या पोरानं फोनवर काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही. वारलेल्या नवऱ्याला अंबाडीची भाजी कशी चालत नसे. लच्छू हूं हूं करायचा, मधूनच आपलंही काही सांगायचा. चढ संपला की ती पुढच्या सीटवर येऊन बसायची आणि राहिलेली गोष्ट घरापर्यंत पुरायची. बायको गेल्यापासून लच्छूच्या घरात बोलायला कोणी नव्हतं.

मग उन्हाळ्यात एकदा मनकर्णा अर्ध्या चढावर थांबली. गुडघा धरून तशीच उभी राहिली. "चला, येतो मी," म्हणाली, पण पाऊल उचलेना. लच्छूला ते बघवलं नाही.

तो वडशाला विक्की मिस्त्रीकडे गेला.

"काका, एवढ्या जुन्या गाडीले टर्बो काऊन लावून राह्यले?" विक्की म्हणाला. "विकून टाका न."

"चढावर बाईले उतरा लागते."

"कोन्त्या बाईले?"

लच्छू खाली वाकून सायलेन्सर पाहू लागला.

विक्कीनं भंगारात निघालेल्या एका पिकअपचा टर्बो मिळवला. तो बसवायला धूर बाहेर नेणारा जुना मॅनिफोल्ड बदलला, इंजिनातून तेलाची नळी ओढली, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल जरासं वाढवलं. लच्छू निघाला तेव्हा त्यानं बजावलं, "चढून गेल्यावर लगेच बंद नका करू. थोडा वेळ चालू राहू द्या. टर्बो तापून रायते, त्याले तेल भेटलं पाह्यजे."

लच्छू तसंच करू लागला. दर बाजाराला चढ एका दमात पार व्हायचा. मनकर्णा मागंच बसून राहायची. शिट्टीत काही ऐकू यायचं नाही, आणि शिट्टी थांबेपर्यंत गाव यायचं. "येतो, भाऊ," एवढंच म्हणून ती आपल्या दारात उतरायची. मग लच्छू आपल्या अंगणात जीप उभी करायचा आणि इंजिन चालू ठेवून आत बसायचा. समोर कुलूप लावलेलं दार. इंजिनची घरघर चालू असेपर्यंत बरं वाटायचं. किल्ली फिरवली की सगळं एकदम गप्प व्हायचं, आणि त्याला खाली उतरावंसं वाटायचं नाही.

टर्बो लावला यात आपलं काय चुकलं, हे त्याला समजत नव्हतं. बाईंचा गुडघा वाचला होता. गाडी चांगली चालत होती. मग ती बोलेनाशी झाली, रागावली कशानं?

धान कापणीला आलं तेव्हाची गोष्ट. बाजाराहून येताना खालच्या गावात शेवटचं माणूस उतरलं. चढाच्या पायथ्याशी लच्छू पाय दाबणार, तोच मागून त्याच्या खांद्यावर थाप पडली.

"थांबवा."

त्यानं ब्रेक लावला. "काऊन? बाजारात काई राह्यलं का?"

 मनकर्णा दार उघडून उतरली, लुगड्याचा काठ जरा वर खोचला आणि रस्त्याच्या कडेनं चढू लागली. थोडी लंगडत होती. लच्छू क्षणभर तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्यानं पहिला गिअर टाकला आणि पाय नुसता टेकवून जीप हळूहळू तिच्या बाजूला आणली. शिट्टी वाजली नाही. मनकर्णाचा हात खिडकीवर आला.

"बाई, गाडी चढते आता," तो म्हणाला. "तुमचा गुडघा दुखते म्हणून तं मी टर्बो लावला."

मनकर्णा चालता चालता थबकली. त्यानं गाडी थांबवली. ती त्याच्याकडे पाहत राहिली, जणू हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

"माह्यासाठी लावला?"

"मंग कोनासाठी? गाडीले जड जाते म्हणून तुमी दर खेपेले उतरत होत्या न."

ती हसली. मग हात खिडकीवर तसाच ठेवून पुन्हा चालू लागली.

"मागं तांदळाचे, खताचे पोते तसेच राहत," ती म्हणाली. "मी एकटी उतरल्यानं गाडी हलकी होये का, लच्छूभाऊ?"