पाणी न मागणारी माणसं

नागुबाईनं हातोडा खाली ठेवून डोळ्यात उडालेली कच पुसली, तेव्हा सासू शेजारी बसून खडी फोडत होती. सरजाबाईला संक्रांतीच्या सुमारास माती दिली होती. आता चैत सरत आला होता.

"आत्याबाई, तुमी?"

"तुझ्या एकटीच्या हातानं घर भागत न्हाई," सरजाबाई म्हणाली आणि फोडलेली खडी तिनं सुनेच्या ढिगात लोटून दिली.

रांगेतल्या बायांनी पाहिलं अन् माना खाली घातल्या. दुष्काळात कुणाकडं कोण येतं, हे कुणी विचारत नव्हतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. औशाकडच्या माळावर हा एवढा एकच सरकारी रस्ता चालू होता, आणि हाताला दुसरं काम नव्हतं.

मुकादम शेषेराव जवळ आला. म्हातारीच्या मातीला तोही येऊन गेला होता. पण त्याचं लक्ष ढिगाकडं गेलं. बाकीच्या बाया सारख्या पाण्याच्या टिपाडाकडं उठत होत्या, गडूभर पाण्यासाठी भांडत होत्या. म्हातारी उठत नव्हती. तिला घामही येत नव्हता.

दुपारी जीप आली. नवा साहेब उतरला. पावसाच्या आत रस्ता पुरा करा, असा त्याला वरून हुकूम होता.

"हा ढीग एवढा कसा?"

"ती पाणी मागत न्हाई, साहेब," शेषेराव हळूच म्हणाला.

साहेबानं सरजाबाईकडं नीट पाहिलं. तिच्या केसांत अजून माती होती. तो शेषेरावाकडं वळला. मग म्हणाला, "अशी आणखी मिळतील का?"

दुसऱ्या दिवशी बाया कामावर आल्या तर रांग भरलेली होती. मागच्या उन्हाळ्यात गेलेला सटवाजी होता. बाळंतपणात गेलेली गौरम्मा होती. नुसते हातोडे पडत होते, सगळे एकदमच.

"आज काम न्हाई," शेषेराव जित्या बायांना म्हणाला. त्यांच्या तोंडाकडं त्यानं पाहिलं नाही. बाया तिथंच उन्हात उभ्या राहिल्या.

नागुबाई सासूपुढं जाऊन बसली. म्हातारी जिती होती तेव्हा तिच्यापुढं तिनं कधी तोंड वर केलं नव्हतं.

"आत्याबाई, तुमी माझ्यासाठी आलाव, कळतंय मला. पण तुमच्या मागं ही समदी आली. आमचं पोट गेलं. आता जावा."

सरजाबाईचा हात थांबला. तिनं रांगेकडं पाहिलं, कडेला उभ्या बायांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मुकादम, पाणी."

सगळे हातोडे थांबले.

"पाणी," सटवाजी म्हणाला. "पाणी," गौरम्मा म्हणाली. सगळी रांग उठली आणि ओंजळी पुढं करून टिपाडाशी येऊन थांबली.

शेषेराव ओतत गेला. पाणी ओंजळीतून तोंडात जात होतं, पण कुणाचा गळा हलत नव्हता. टिपाड सरलं. कडेला उभा असलेला पाण्याचा टँकर सरला. ओंजळी तशाच पुढं होत्या. साहेब जीपमध्ये जाऊन बसला, आणि जीप निघून गेली.

"न्हाई राहिलं," शेषेराव म्हणाला. "थेंबभरबी न्हाई."

तेव्हा ती माणसं माळ उतरून चालती झाली. सरजाबाई सगळ्यांत शेवटी गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"या," शेषेराव बायांना म्हणाला. "बसा कामाला. पाणी मातर उद्याच."

कोरड्या तोंडानं बाया एकेक जागा धरून बसल्या. नागुबाई सासूच्या जागेवर बसली. सगळा माळ तव्यासारखा तापला होता. तिच्याखालचा दगड गार होता.